रोझेशियासाठी क्लिनिक निवडताना: आधी ट्यूब, मग डॉक्टर, लेसर सगळ्यात शेवटी

चेहरा लाल होतो, भगभगतो, गालांवर बारीक पुटकुळ्या येतात, म्हणून लोक क्लिनिक शोधायला लागतात. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी पार्लर, मग मेडिकलवाल्यानं हातात ठेवलेली क्रीम, मग मोबाइलवर जाहिरात बघून घेतलेलं लेसरचं पॅकेज. त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं ते पैसे भरून झाल्यावर आणि चेहरा आणखी बिघडल्यावर. चेहऱ्याच्या लालीच्या या आजारात, म्हणजे रोझेशियात, हा क्रम फार महागात पडतो, कारण वाटेत लावलेल्या गोष्टींनीच आजार वाढतो आणि त्याचं मूळ रूपही झाकलं जातं.

रोझेशिया कायमचा जात नाही, पण नीट काबूत राहतो. त्यासाठी लागतं अचूक निदान आणि काही महिने एकाच माणसाच्या देखरेखीखाली चाललेलं साधं औषध. ते देणारं क्लिनिक मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, पणजी अशा कुठल्याही शहरात सापडू शकतं. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा.

टप्पा १: क्लिनिकच्या आधी आरशात बघा

निदान तुम्हाला करायचं नाही. पण डॉक्टरांना काय सांगायचं ते कळायला हवं, नाहीतर पाच मिनिटांच्या भेटीत "पिंपल्स येतात" एवढंच तोंडातून निघतं आणि औषधही मुरुमांचंच मिळतं.

रोझेशिया चेहऱ्याच्या मधल्या भागात असतो: नाक, गाल, कपाळाचा मध्य, हनुवटी. सुरुवातीला लाली येते-जाते, पुढे मुक्कामाला राहते. बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. लाल फोड आणि पू असलेल्या पुटकुळ्या येतात, पण मुरुमांसोबत असतात तसे काळे-पांढरे टोपीवाले खिळे, म्हणजे ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स, रोझेशियाचे नसतात. काहींच्या, जास्त करून पुरुषांच्या, नाकाची त्वचा जाड आणि खडबडीत होते.

आपल्याकडची खरी अडचण रंगाची आहे. पुस्तकांतले रोझेशियाचे फोटो गोऱ्या चेहऱ्यांचे असतात. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तीच लाली तांबूस-तपकिरी दिसते, कधी नुसता काळपटपणा वाटतो. घरचे म्हणतात, "उन्हानं रापलीस." अशा वेळी डोळ्यांपेक्षा जाणिवेवर जास्त विश्वास ठेवा. चेहरा गरम होतो का? साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुणचुणतं का? उन्हातून आल्यावर तासभर भगभग राहते का?

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. पारदर्शक काचेचा स्वच्छ ग्लास खिडकीच्या उजेडात गालाच्या त्या भागावर हलकेच दाबा आणि काचेतून बघा. रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आलेला रंग दाबल्यावर फिका पडतो आणि ग्लास काढला की दोन-तीन क्षणांत परत भरतो. वांगाचा किंवा जुन्या डागाचा रंग दाबूनही तसाच राहतो. यानं रोझेशिया सिद्ध होत नाही. दाबल्यावर लाली फिकी पडते असे इतरही आजार आहेत. पण "डाग" आणि "लाली" यांतला फरक तुम्हाला डॉक्टरांसमोर सांगता येतो.

सावधान, या गोष्टी असतील तर क्लिनिक निवडत बसू नका:

- डोळे लाल, दुखतात, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतं: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो आणि बुबुळाला इजा करू शकतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं, पापण्यांच्या कडा सुजणं, वारंवार रांजणवाडी येणं ही त्याची सौम्य रूपं. ती त्वचेच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तेही दर वेळी विचारतीलच असं नाही.
- लालीबरोबर सांधेदुखी, तोंडात व्रण, बारीक ताप, केस गळणं: ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची, शंका घ्यायला हवी. त्यात गालांवर आणि नाकावर लाली पसरते, पण नाकापासून ओठांकडे जाणाऱ्या घड्या बहुधा मोकळ्या राहतात.
- चेहऱ्यावरच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही: कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. ती आणि उपचार दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

टप्पा २: घरातल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत भरा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते पूर्ण प्रक्रियेत याच्याएवढं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

बाथरूमचं कपाट, ड्रेसिंग टेबलचा खण, पर्सचा आतला कप्पा, फ्रिजचं दार: चेहऱ्याला गेल्या वर्षभरात जे जे लागलं ते सगळं बाहेर काढा. फेसवॉश, सनस्क्रीन, दाढीनंतरचं लोशन, उटणं, बहिणीनं दिलेली "एकदम भारी" क्रीम. रिकाम्या, पिळून चपट्या झालेल्या ट्यूबसुद्धा टाकू नका.

आता प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा, खालचं घटकाचं नाव बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ती स्टिरॉइड क्रीम आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड अशा तिघांचं मिश्रण आपल्याकडे "गोरं होण्याची क्रीम" म्हणून वर्षानुवर्षं घरोघरी फिरत आलं आहे. मुळात ते वांगावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे वापरायचं औषध.

स्टिरॉइड लावल्यावर पहिले काही दिवस चेहरा उजळतो, लाली बसते, म्हणून विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि एक दिवस क्रीम लावली नाही की चेहरा पेटतो. पेटला म्हणून पुन्हा क्रीम. हे दुष्टचक्र दिसायला हुबेहूब रोझेशियासारखं असतं, आणि खरा रोझेशिया असलेल्यांचा आजार त्यानं कैक पटींनी बिघडतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला "टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस" असं स्वतंत्र नाव दिलं आहे, इतकी ती आपल्याकडे सर्रास आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं अशा १४ स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी काउंटरवर नाव घेतलं की ती मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

सावधान: स्टिरॉइड सापडलं म्हणून घाबरून जाऊ नका आणि ते लपवूही नका. बंद करायचंच आहे, पण अचानक की हळूहळू, आणि मधल्या काळात कशाच्या आधारानं, हे डॉक्टरांना ठरवू द्या. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा जास्त लाल होऊ शकतो. हे आधी माहीत नसलं की लोक "डॉक्टरच्या औषधानं वाढलं" म्हणून परत जुन्या ट्यूबकडे वळतात. अपॉइंटमेंट मात्र लवकरची घ्या.

बिननावाच्या डबीत भरून दिलेलं मलम, "आमचंच प्रॉडक्ट आहे" म्हणत क्लिनिकनं दिलेली लेबल नसलेली क्रीम, पार्लरच्या ताईंनी दिलेली डबी, हे सगळंही पिशवीत जाऊ द्या. पुड्या, काढे, गोळ्या चालू असतील तर तेही. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या लेबलवर डावीकडे उभी लाल रेघ असते. ती दिसली तर ती ट्यूब पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

टप्पा ३: फोटो आणि दोन आठवड्यांची वही

लाली येते-जाते. तुम्ही तपासणीच्या खुर्चीत एसीत बसता तेव्हा नेमका चेहरा शांत असतो, आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. म्हणून फोटो हवेत.

- सकाळी, तोंड धुवायच्या आधी, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक.
- चेहरा पेटलेला असताना लगेच, त्याच जागी.
- मोबाइलचा ब्युटी मोड बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि दाखवायची गोष्ट नेमकी तोच पुसून टाकतो.

वहीत एवढंच लिहा: कधी पेटला, त्याआधी काय झालं, किती वेळ राहिला. दुचाकीवर भर दुपारी गेलात, भाकऱ्या करताना गॅसची धग लागली, कडक गरम चहा, मिसळीचा तर्रीदार कट, दारू, व्यायाम, ऑफिसातला ताण, गरम पाण्यानं अंघोळ, नवीन साबण. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. शेजारणीनं टोमॅटो बंद केला म्हणून तुम्ही करायची गरज नाही.

चालू असलेल्या गोळ्यांची यादीही लिहा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चेहरा लाल होतो. त्या स्वतःहून थांबवू नका, फक्त सांगा. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांनी गरम झळा येतात का तेही लिहावं, नाहीतर दोन गोष्टींची सरमिसळ होते.

या दोन आठवड्यांत फेशियल, ब्लीच, वाफ, स्क्रब, लिंबू, बेसन, हळदीचा लेप यांतलं काहीही चेहऱ्याला लावू नका. घरात हळदीचा कार्यक्रम असेल तर हातापायांना लावून घ्या आणि चेहरा सोडायला सांगा. मावशी-काकू ऐकतात, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं.

टप्पा ४: तीन नावांची यादी करा

एकच नाव नको, दहाही नकोत. तीन पुरेत.

सगळ्यात दुर्लक्षित पर्याय आधी सांगते: मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर, पुण्यात ससून, नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज आणि मेयो, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. नाममात्र शुल्काचा केसपेपर काढायचा आणि सकाळी लवकर रांगेत उभं राहायचं. गर्दी असते, बाकावर बराच वेळ जातो, आणि पुढच्या वेळी दुसरेच डॉक्टर भेटू शकतात. पण तिथं रोज त्वचारोगाचे ढीगभर रुग्ण बघितले जातात, शंका आली तर वरिष्ठ डॉक्टर शेजारच्याच टेबलावर असतात, आणि कुणालाही तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं. निदानाबद्दल गोंधळ असेल, किंवा दोन खासगी डॉक्टरांनी दोन वेगळी नावं सांगितली असतील, तर माझं मत सरळ आहे: एक सकाळ काढा आणि इथं जा.

दुसरं नाव स्वतंत्र दवाखाना चालवणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचं. हे फॅमिली डॉक्टरांना विचारा, आणि "चांगला स्किनवाला कोण?" असं मोघम विचारू नका. "तुमचे चेहऱ्याच्या लालीचे पेशंट तुम्ही कुणाकडे पाठवता?" असं विचारा. डोळ्यांचा त्रास असेल तर नेत्रतज्ज्ञालाही विचारा.

तिसरं नाव, लेसरची सोय असलेल्या मोठ्या क्लिनिकचं किंवा खासगी रुग्णालयातल्या त्वचाविभागाचं. हे पुढे लागलं तर. पहिली भेट इथं घ्यायची गरज बहुतेकांना नसते.

नेटवरच्या ताऱ्यांवर यादी करू नका. पाच तारे देणाऱ्यांत लेझर हेअर रिमूव्हल केलेले, टक्कल पडलेले, लग्नाआधी चेहरा उजळायला आलेले असे सगळे असतात. तिथं उपयोगाचं एकच: लाली, रोझेशिया, स्टिरॉइड क्रीम असे शब्द असलेले अनुभव शोधून वाचा. त्यातही तीन-चार महिन्यांनंतर लिहिलेले जास्त मोलाचे. पहिल्या आठवड्यात खूश होणं सोपं असतं, स्टिरॉइडनंही होतं.

घरापासूनचं अंतर हलकं घेऊ नका. उपचार काही महिने चालतो, आणि भर उन्हात तासभर प्रवास करून पोचलात तर चेहरा वाटेतच पेटलेला असतो.

टप्पा ५: पाटीवरची पदवी वाचा, मग नोंदणी पडताळा

शहरात "स्किन क्लिनिक" अशी पाटी लावलेल्या प्रत्येक जागी त्वचारोगतज्ज्ञ असतोच असं नाही. बघायच्या पदव्या या: एमबीबीएसनंतर एम.डी. डर्मेटॉलॉजी, ज्यापुढे बहुधा व्हेनेरिऑलॉजी आणि लेप्रसी हे शब्दही असतात, किंवा डी.एन.बी. डर्मेटॉलॉजी, किंवा डी.व्ही.डी., डी.डी.व्ही.एल. यांसारखी त्वचारोगातली पदविका. कॉस्मेटॉलॉजी, ट्रायकॉलॉजी, एस्थेटिक मेडिसिन या नावाखालचे थोड्या दिवसांचे कोर्स याच्या जागी चालत नाहीत. चकचकीत फ्रेममधली परदेशी प्रमाणपत्रंही नाहीत.

पडताळणी घरबसल्या होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येतं. नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर देशभराची यादी आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते, त्यामुळे ते इथं बहुधा दिसणार नाहीत. त्यांच्याकडे जायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण आपण कुणाकडे जातोय ते माहीत असू द्या.

तपासून घ्या: डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं, आणि चिठ्ठीवर व पावतीवर छापणं हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. चिठ्ठीवर फक्त क्लिनिकचा लोगो असेल आणि डॉक्टरांचं नाव-क्रमांक नसेल, तर त्या क्लिनिकवर काट मारा.

टप्पा ६: एक फोन

अपॉइंटमेंट घेताना दोन मिनिटं जास्त बोला.

"नमस्कार मॅडम, चेहऱ्याच्या लालीसाठी दाखवायचं आहे. डॉक्टर स्वतः तपासतात ना?"

"हो हो. पण आधी आमच्याकडे मशीनवर स्किन अ‍ॅनालिसिस होतं, मग काउन्सेलर मॅडम तुम्हाला पॅकेज सांगतील, नंतर डॉक्टर."

एवढं ऐकलं की पुरे. निदानाच्या आधी पॅकेज येत असेल तर तो क्रम आपला नाही. "बरं, घरी विचारून कळवते" म्हणा आणि यादीतलं पुढचं नाव लावा.

चांगलं उत्तर साधं असतं: तपासणी डॉक्टरच करतात, फी अमुक, पुन्हा दाखवायला इतक्या दिवसांत आलात तर फी अमुक, जुन्या चिठ्ठ्या घेऊन या. रोझेशिया हा शब्द स्वागतकक्षातल्या मुलीला माहीत नसला तर त्यावरून काही ठरवू नका.

पहिली भेट ऑनलाइन नको. चेहऱ्याचा रंग कॅमेऱ्यात बदलतो आणि त्वचा ताणून, दाबून बघता येत नाही. निदान झाल्यावर मधल्या फॉलोअपला व्हिडिओ कॉल चालतो.

टप्पा ७: पहिली भेट

मेकअप, काजळ, टिंटेड सनस्क्रीन काही न लावता जा. मास्क किंवा स्कार्फ बांधून दुचाकीवर आलात तर आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसा. पिशवी, वही, फोटो हातात ठेवा.

आता डॉक्टर काय करतात ते बघा. उजेडात तुमचा पूर्ण चेहरा, नाक, हनुवटी, मान बघतात का? त्वचा ताणून रक्तवाहिन्या शोधतात का? पापण्यांच्या कडा बघतात का? डर्मोस्कोप नावाचं छोटं भिंग लावलं तर उत्तमच. आणि सगळ्यात मोठी खूण: "आतापर्यंत चेहऱ्याला काय काय लावलंय?" हा प्रश्न येतो का? तुम्ही पिशवी टेबलावर ठेवल्यावर एकेक ट्यूब उचलून मागची बाजू वाचणारे डॉक्टर मिळाले, तर अर्धी निवड झाली असं समजा. पिशवीकडे न बघता "ते सगळं बंद करा" म्हणणाऱ्यांनी निदानाचा विचारच केलेला नसतो.

तपासण्यांबद्दल. रोझेशिया दाखवणारी कुठलीही रक्ततपासणी नाही. निदान बघून आणि विचारून होतं. ल्युपसची शंका असेल तर एएनए ही रक्ततपासणी सांगतील, नायट्याची शंका असेल तर त्वचेचा थोडा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, क्वचित छोटा तुकडा काढतील. याला कारण असतं. पण पहिल्याच दिवशी शेकडो पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासणी, हार्मोन्स आणि व्हिटॅमिन्सचं मोठं पॅनेल सुचवलं, तर शांतपणे विचारा, "यानं माझं औषध बदलणार आहे का?" स्पष्ट उत्तर आलं नाही तर थांबा.

उठण्याआधी हे विचारून लिहून घ्या:

- निदान काय? चिठ्ठीवर शब्दांत लिहून द्याल का?
- हा मुळात रोझेशिया आहे, की स्टिरॉइडनं झालेला?
- यात स्टिरॉइड आहे का? असेल तर किती दिवस?
- फरक कधी दिसायला हवा? मध्ये वाढलं तर कुणाला फोन करायचा?
- सनस्क्रीन आणि तोंड धुवायला नेमकं काय?

चिठ्ठीवर साधारण काय असतं याची कल्पना असावी. लावायला मेट्रोनिडाझोल, अझेलेइक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनची क्रीम. पुटकुळ्या जास्त असतील तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. हट्टी आजारात कमी मात्रेत आयसोट्रेटिनॉइन. सोबत सौम्य क्लिन्झर, मॉइश्चरायझर, आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं सनस्क्रीन. या यादीच्या आसपासची चिठ्ठी मिळाली तर तुम्ही योग्य जागी आहात. अझेलेइक अ‍ॅसिड सुरुवातीला चुणचुणतं, हे आधीच सांगणारा डॉक्टर काळजी घेणारा.

सावधान: आयसोट्रेटिनॉइननं गर्भात गंभीर व्यंग होतं. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये. हे न बोलता तरुण मुलीला किंवा बाईला ही गोळी लिहून दिली गेली, तर ते क्लिनिक सोडा. डॉक्सिसायक्लिनही गरोदरपणात घेत नाहीत. गरोदर असाल, दिवस राहण्याची शक्यता असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. सासूबाई किंवा नवरा सोबत असल्यामुळे बोलता येत नसेल तर "मला एकटीला दोन मिनिटं बोलायचंय" म्हणा. चांगल्या दवाखान्यात हे सहज होतं. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि त्या काळात ऊन जास्त बाधतं.

आणखी एक चूक मेडिकलमध्ये होते. चेहऱ्याची आयव्हरमेक्टिन क्रीम उपलब्ध नाही म्हणून खरजेचं लोशन किंवा जंतांची गोळी दिली जाते. घटक तोच असला तरी औषध ते नव्हे. बदली औषध घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

टप्पा ८: लेसरचा विषय निघाला तर

लेसर वाईट नाही. दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि कायमची राहिलेली लाली यांवर क्रीमचा फारसा उपाय चालत नाही, तिथं लेसर खरंच काम करतं. जाड झालेल्या नाकालाही लेसर किंवा शस्त्रक्रियेनं आकार देता येतो. पण पुटकुळ्या आणि भगभग चालू असताना, किंवा स्टिरॉइडनं त्वचा पातळ झालेली असताना लेसरची घाई म्हणजे विकत घेतलेला त्रास. आधी औषधानं चेहरा शांत व्हायला हवा.

सावळ्या त्वचेचा मुद्दा इथं पुन्हा येतो. त्वचेतला रंग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे भाजण्याचा आणि काळे डाग पडण्याचा धोका आपल्याला जास्त. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) हा लेसर नव्हे, अनेक तरंगलांबींचा एकत्रित झोत आहे, आणि गडद त्वचेवर तो विशेष जपून वापरावा लागतो. रक्तवाहिन्यांसाठी वापरलं जाणारं पल्स्ड डाय लेसर बहुधा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचं असतं; १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर खोलवर जातं आणि त्वचेच्या रंगात कमी अडकतं. तुम्हाला मशीन निवडायचं नाही, पण हे प्रश्न विचारा:

- कुठलं मशीन, आणि माझ्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही ते रोझेशियासाठी वापरलंय का?
- हात कुणाचा? डॉक्टर स्वतः करणार की टेक्निशियन?
- आधी कानाजवळ लहानशा जागेवर चाचणी करून काही आठवडे थांबणार का?
- भाजलं किंवा डाग पडला तर उपचार आणि खर्च कुणाचा?
- संमतीपत्र मराठीत मिळेल का, आणि घरी नेऊन वाचता येईल का?

पैसे एका बैठकीचे भरा. आठ बैठकांचे आगाऊ पैसे, मासिक हप्ते, "आजच बुक केलंत तर निम्म्यात" यांतलं काहीही स्वीकारू नका. पहिल्याच बैठकीनंतर त्वचेनं नको म्हटलं तर पैसे परत मिळवताना नाकीनऊ येतात. एकदा केलं की कायमचं गेलं, असंही नसतं. काही काळानं पुन्हा बैठक लागू शकते, आणि हे आधी सांगायला हवं.

सावधान: घरात लग्न आहे म्हणून तारखेच्या तोंडावर लेसर, केमिकल पील किंवा फेशियल करू नका. सूज किंवा डाग नेमका मुहूर्तावर दिसायचा. कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावरून रापून आलात तरी त्वचा मूळ रंगावर येईपर्यंत थांबा.

टप्पा ९: औषध सुरू झाल्यावर क्लिनिक पारखत राहा

निवड पहिल्या भेटीत संपत नाही. क्रीमचा खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून डॉक्टर बदलणं ही फार मोठी चूक. नवे डॉक्टर नवं औषध देतात, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, आणि वर्ष संपतं तेव्हा हातात पाच अर्धवट ट्यूब असतात. दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीत फोटो काढा, पहिल्या फोटोशेजारी ठेवून बघा. रोज आरशात बघून सुधारणा कळत नाही.

डॉक्टर बदलायची खरी कारणं वेगळी:

- १२ आठवडे नेमानं औषध करूनही काडीचा फरक नाही, आणि निदान पुन्हा तपासून बघायला डॉक्टर तयार नाहीत.
- दर भेटीला नवं प्रॉडक्ट विकलं जातं, तेही त्यांच्याच काउंटरवर मिळणारं.
- घटक लिहिलेले नाहीत अशी क्रीम दिली जाते.
- "वाढलंय" असा फोन केला तर कुणी उत्तर देत नाही.
- डोळ्यांचा त्रास सांगितला तरी नेत्रतज्ज्ञाचं नाव निघत नाही.

एका दिवसात लख्ख उजळलं तर आनंद मानण्याआधी ट्यूबची मागची बाजू पुन्हा वाचा.

चेहरा शांत झाल्यावर औषध एकदम सोडू नका. किती कमी करायचं, काय चालू ठेवायचं ते त्या भेटीत ठरवून घ्या. सनस्क्रीन, उन्हात टोपी किंवा छत्री, आणि पार्लरमध्ये चेहऱ्याला हात लावू न देणं हे पुढेही राहणार.

डॉक्टर बदलायचेच ठरले तर रागारागात निघून येऊ नका, कागद घेऊन या. सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, लेसर झालं असल्यास मशीनचं नाव, सेटिंग आणि तारखा. रुग्णानं नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात, हेही त्याच २००२ च्या आचारसंहितेत आहे. दोन ओळींचा अर्ज लिहा, तारीख टाका, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. इजा झाली असेल तर लगेच फोटो काढा, सरकारी ओपीडीत जाऊन तपासणीची नोंद करून घ्या, आणि मगच तक्रार करायची की नाही ते ठरवा: डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल मेडिकल कौन्सिलकडे, पैशांबद्दल आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे. नव्या डॉक्टरांकडे जाताना ट्यूबची ती पिशवी आणि फोटो पुन्हा सोबत घ्या, आणि आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या ट्यूबही तिच्यातच टाका.